दोन पाती कमी

मी भस्म्या बोलतोय. दचकू नका, आता मी काही खात नाही. समोर काही आलंच नाही तर खाणार तरी काय?

शेडच्या मागच्या कोपऱ्यात, फाटक्या ताडपत्रीखाली ते लाल रंगाचं धूड दिसतंय ना, तो मी. लाल म्हणजे एके काळी लाल. माझ्या एका बाजूला खताची रिकामी पोती आहेत आणि दुसऱ्या बाजूला तीन पायांचं एक बाक, जे दुरुस्तीला म्हणून आलं आणि इथलंच होऊन बसलं. आमचं बोलणं होत नाही. बाकाशी काय बोलणार? त्याला माणसांच्या पाठींपलीकडे काही माहीत नाही.

माझं काम एकच, बागेत पडलेली पानं गोळा करायची. मला ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. माझ्या पोटाखाली एक आडवा दांडा आहे आणि त्याला पोलादी पाती लोंबतात. ट्रॅक्टरच्या जोरावर दांडा गरगर फिरायला लागला की पाती ताठ होतात, पानं झोडपून त्यांचा चुरा करतात आणि तो मागच्या डब्यात भिरकावतात. डबा भरला की खताच्या ढिगावर उलटा करायचा आणि पुन्हा जेवायला बसायचं. पानगळीचे दिवस संपले की माझं काम संपलं. म्हणजे थोडे दिवस राजा आणि बाकीचं वर्ष अडगळ.

जन्माचं फारसं आठवत नाही. ठिणग्या, रंगाचा वास आणि पाठीवर थाप मारून कुणीतरी म्हटलेलं, “झालं, जाऊ दे पुढे.” आमच्या जातीत आईबापांचं कौतुक एवढंच.

इथे आलो आणि मामांच्या हाती पडलो. मामा म्हणजे बागखात्याच्या ट्रॅक्टरचे चालक. कुणाचे मामा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण माळ्यांपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. पहिल्याच दिवशी मी समोर येईल ते खात सुटलो. डबा रिकामा करता करता मामांचा जीव मेटाकुटीला आला. “ह्याला भस्म्या रोग झालाय की काय!” ते म्हणाले. तेच नाव मला चिकटलं. खरं सांगतो, कुणीतरी आपल्याला नाव दिलं याचाच मला आनंद झाला होता.

माणसं पानांत काय काय सांडतात म्हणून सांगू! हातमोजे, तेही नेहमी जोडीतला एकच. किल्ल्या. एकदा तर दातांची कवळी. आणि कुणी बघत नाही अशी खात्री झाली की टाय लावलेली मोठमोठी माणसं पानांच्या ढिगात पाय घालून फरफरत चालतात. समोरून कुणी आलं की लगेच घड्याळात बघतात. मी ट्रॅक्टरच्या पाठीमागे असल्यामुळे मला हे सगळं दिसायचं. ट्रॅक्टरला नाही दिसायचं. तो सदान्‌कदा पुढे बघण्यात आणि स्वतःचा धूर मिरवण्यात गुंग.

दिवसाची शेवटची फेरी मामांच्या घरासमोरच्या हिरवळीवर असायची. चालकांना राहायला दिलेली बैठी घरं बागेला लागूनच होती. माझा आवाज आला की मामी स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायच्या आणि रिकामा कप उंच धरायच्या. म्हणजे चहा टाकलाय, आवरा आता. हाक मारून उपयोग नव्हता, माझ्या गडगडाटात ऐकू काय जाणार? मग मामा सीटजवळचा दांडा ओढून मला वर उचलायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे, पुन्हा ठेवायचे. दोनदा. म्हणजे आलोच. मला असं फिरताना उचललं की खालून पानांचा फवारा उडायचा आणि मामी हसायच्या. मला वाटायचं, मीच त्यांना मान डोलावून उत्तर देतोय. दिवसभराचं सगळं खाणं एकीकडे आणि ते दोन डोल एकीकडे.

एका पानगळीत पानांखाली दगड दडलेला होता. तो लागून माझं एक पातं तुटलं. आमच्यात एक पातं गेलं की त्याच्या बरोबर समोरचंही काढून टाकावं लागतं, नाहीतर तोल जातो आणि सगळं अंग थरथरत सुटतं. मामांनी दोन्ही जागा मोकळ्या केल्या. “नवीन आली की बसवू,” म्हणाले. नवीन काही आली नाहीत. तेव्हापासून माझा आवाज बदलला. खडखड, खडखड, मग मध्येच एक पोकळ हुंकार. दोन दात पडलेला माणूस जसा बोलतो तसा. माळी हसायचे. मामींना मात्र फार सोयीचं झालं. रस्त्यावर दुसरी कितीही वाहनं असोत, हुंकार ऐकला की त्या चहा टाकायच्या.

मग काहीतरी बिघडलं. घरातलं मला दिसायचं नाही, पण मामा मला धुताना एकटेच बोलत, त्यातून कळायचं. मामींनी किटलीत पाणी न घालताच ती चुलीवर ठेवली. मामी भर दुपारी, घरच्याच कपड्यांत, बस थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. एकदा पाण्याचा पाइप हातात तसाच धरून मामा माझ्यासमोर नुसते उभे राहिले. मग म्हणाले, “आज तिनं मला विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात?” पाणी त्यांच्याच बुटांवर सांडत होतं. मला फार वाईट वाटलं. पण मी काय करणार? माझ्याकडे पाती आहेत, हात नाहीत.

शेवटी मामींना विसर पडणाऱ्या माणसांच्या आश्रमात ठेवावं लागलं. टेकडीच्या पायथ्याशी ती दुमजली इमारत होती आणि तिथली हिरवळ आमच्याच फेरीत होती. मामा रोज संध्याकाळी भेटायला जात. मामी त्यांना आदरानं खुर्ची देत. “बसा पाहुणे. हे येतीलच एवढ्यात.” आणि मामा बसायचे. स्वतःचीच वाट बघत बसायचे.

त्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि आम्ही तिथे कामाला गेलो. मी खाली खडखडत होतो. वरच्या मजल्यावरची एक खिडकी हलली. मामी! त्यांनी हात वर केला. हातात कप नव्हता, पण बोटं कप धरल्यासारखीच होती.

ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. मग मामांनी मला उचललं. एकदा. दोनदा. पानं उडाली आणि वर मामी हसल्या.

तिथली परिचारिका धावतच खाली आली. “मामा, काय झालं काय आज? एरवी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. आज आपणहून उठल्या. मला म्हणाल्या, सरका बाई, हे आले.”

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

तेव्हापासून आमची शेवटची फेरी तिथे ठरून गेली. पण पानं काय जन्मभर गळतात? झाडं उघडी पडली, हिरवळ लख्ख झाली. मग मामांनी एक वेडेपणा केला. खताच्या ढिगावरून सुकी पानं डब्यात भरली, आश्रमाच्या हिरवळीवर नेऊन ओतली, दाताळ्यानं नीट पसरली आणि मग मला त्यांच्यावरून फिरवलं. माझंच उष्टं मला वाढलं म्हणा ना! पण मी मुकाट्यानं खाल्लं. खाल्लं कसलं, चवीनं खाल्लं.

म्हातारा माळी कमरेवर हात ठेवून बघत होता. “मामा, वेचलेली पानं परत टाकताय?”

“वाऱ्यानं आलीत.”

“अस्सं. वारा दाताळं घेऊन आला होता वाटतं.”

पण त्यानं कुणाला सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराशी सुक्या पानांची दोन पोती बांधून ठेवलेली सापडली.

पुढच्या वर्षी खरा घोटाळा झाला, तोही प्रेमापोटी. आमचे मिस्त्री म्हणजे यंत्रांचे डॉक्टर. मनानं सोनं, पण अर्धवट काम दिसलं की त्यांना चैन पडत नाही. पानगळीच्या आधी त्यांनी माझ्यासाठी नव्या पात्यांचा अख्खा संच मिळवला आणि मामांना चकित करायचं म्हणून गुपचूप बसवला. मी खूश. सगळे दात परत आलेले! आवाज असा मऊ, एकसारखा, की माझा मलाच ओळखू येईना.

आश्रमाच्या हिरवळीवर आम्ही एक फेरी मारली. दुसरी मारली. खिडकी बंदच. तिसऱ्या फेरीला मामा मागे वळून वर बघत होते आणि माझी रेघ वाकडी जात होती. मग ते ट्रॅक्टर बंद करून आत गेले. परत आले ते पाय ओढत. माझ्या लोखंडी चौकटीवर बसले आणि म्हणाले, “संपलं रे भस्म्या. आता हेही विसरली.”

तेवढ्यात मिस्त्री सायकलवरून हजर. “काय मामा, आवाज कसाय? एकदम शिवणयंत्र!”

मामांनी वर बघितलं. मग उठले. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं?” मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “कुणी सांगितलं होतं ह्याला नीट करायला?”

मिस्त्रींचा चेहरा पडला. बिचारे कौतुकाच्या आशेनं आले होते. मामा पुन्हा खाली बसले आणि मग हळूहळू सगळं सांगितलं. तो हुंकार, ती खिडकी, तो चहा. ऐकून झाल्यावर मिस्त्रींनी सायकलच्या पिशवीतून नट खोलायचे पाने काढले, ते माझ्या पोटाखाली आडवे झाले आणि चाचपडत म्हणाले, “हे एक. आणि हे त्याच्या समोरचं. बरोबर ना?” दोन नवी कोरी पाती काढून त्यांनी खिशात टाकली. दात उपटल्याचा मला एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

ट्रॅक्टर सुरू झाला. खडखड, खडखड, हुंकार. खिडकी उघडली. हात वर आला.

मिस्त्री माझ्यामागे उभे राहून वर बघत होते. मामांनी मला दोनदा उचललं तेव्हा मिस्त्री बाहीनं डोळे पुसत होते, त्यांना ते दिसलंच नाही. हे लक्षात ठेवा. याच्यावरच सगळं अडलंय.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी मामा गेले. झोपेतच. मिस्त्रींनी त्यांची टोपी आणून माझ्या कडीला अडकवली आणि तीन पायांच्या बाकावर ते जपून टेकले. मग सांगायला लागले, मला की बाकाला, कुणास ठाऊक. परिचारिकेनं मामींना हळूच ती बातमी दिली होती. मामी म्हणाल्या, “अरेरे! पाहुणे गेले? भला माणूस होता. रोज ह्यांना भेटायला यायचा.” मग खिडकीकडे बघून म्हणाल्या, “ह्यांना आज उशीरच झाला.”

त्यानंतर ट्रॅक्टरही गेला. खात्यानं तो दुसऱ्या गावाला पाठवला. इतकी वर्षं मी त्याला नावं ठेवली, पण तो गेल्यावर कळलं की त्याच्याशिवाय मी म्हणजे नुसतं लोखंड. बागेत आता पाठीवर अडकवायची, हवा फुंकणारी यंत्रं आलीत. बॅटरीवर चालतात, आवाज जवळजवळ नाहीच. लोक खूश आहेत. पानगळ सुरू झालीय. दाराच्या फटीतून एखादं पान घरंगळत आत येतं, माझ्यापर्यंत पोचतं आणि तिथेच पडून राहतं. एवढी शांतता मला सोसत नाही. मामांच्या टोपीवर धूळ बसलीय. ती झटकावीशी वाटते, झटकता येत नाही.

काल परिचारिका शेडमध्ये येऊन गेली. मिस्त्रींना म्हणाली, “ती खडखड करणारी गाडी आता येत नाही का हो? आजी दिवसभर खिडकीशी बसतात. जेवायलासुद्धा उठत नाहीत. म्हणतात, हे आल्यावर जेवू.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. “सोमवारी हा भंगारात चाललाय,” ते म्हणाले. मग वंगणाचा डबा उचलत म्हणाले, “रविवारी भाच्याचा ट्रॅक्टर मागून आणतो. एक फेरी तर एक फेरी.”

म्हणजे रविवारी मी जाणार. मिस्त्रींनी मला वंगण घातलंय आणि त्या दोन मोकळ्या जागांना हात लावलेला नाही. आवाज बरोबर येईल, खिडकी उघडेल, मामी हात वर करतील. आणि मिस्त्री तसेच पुढे निघून जातील. कारण मामांनी त्यांना पात्यांचं सांगितलं, चहाचं सांगितलं, पण त्या दोन डोलांच्या उत्तराचं सांगितलं नाही. नवराबायकोतलं सगळंच काही माणूस मिस्त्रीला सांगत नाही. ते आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही आणि माझा आवाज हा असा, माणसांना न कळणारा.

म्हणून तुम्हाला एवढं सगळं सांगितलं. भंगारात जायची मला भीती नाही. पण रविवारी कुणी त्या बाजूला असाल तर ट्रॅक्टरजवळ जा आणि मिस्त्रींना सांगा, खिडकीत हात वर झाला की सीटजवळचा दांडा ओढा. भस्म्याला वर उचला, खाली ठेवा, पुन्हा उचला, पुन्हा ठेवा.

दोनदाच. मग त्या जेवतील.