फुलाबाईचा हात

ताटाच्या काठावर वीरभद्रप्पाने बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, आणि दाक्षायणीने तव्यावरची भाकरी उचलून त्याच्या ताटात टाकली.

"अगं, नगं म्हनतोय की," तो हसायला लागला. "दोनदा वाजिवलं म्हंजे सोड. पुरं. एकदा वाजिवलं म्हंजे धर."

"आता ह्ये कुटलं नवीन काडलंत?"

"नवीन कुटलं? तळ्यावर आमचं असंच चालतंय. फुलाबाई लाँचच्या नाकात घुसती. आत वरचं बोलनं कळत न्हाय, नुस्तं घुमतं. मग फळीवर ठोकायचं. एकदा ठोकलं की धरती, दोनदा ठोकलं की सोडती. आतनं तीनदा वाजलं की समजायचं, बाईला पानी पायजे." त्याने नको म्हटलेल्या भाकरीचाही तुकडा मोडला. "आन् हात काय हाय तिचा! कुनाचा पुरत न्हाय तितं पुरतो."

दाक्षायणीने झोळीच्या दोरीत अडकवलेला पायाचा अंगठा हलवला. झोळीत गुंडा झोपला होता, चार महिन्यांचा. हलवायची गरज नव्हती. पण काहीतरी हलवणं भाग होतं.

वीरभद्रप्पा मिलमध्ये फिटर होता. मोठ्या साहेबाने मुंबईहून एक छोटी मोटरलाँच आणून हिप्परग्याच्या तळ्यात सोडली होती, आणि तिची देखभाल याच्याकडे आली होती. तेव्हापासून रविवार तळ्याचे झाले. मुळात हा माणूस कमी बोलणारा. लग्नाला तीन वर्षं होत आली, तरी घरातलं त्याचं बोलणं म्हणजे मीठ दे, कंदील सार, पोरगं रडतंय. तळ्यावरून आला की मात्र त्याला वाचा फुटायची. इंजिन असं, पंखा तसा, आणि मग फिरून फिरून फुलाबाई. येळवशीच्या अवसेला सगळी गल्ली रानात जेवायला गेली, कडब्याच्या खोपीपुढे पंगती बसल्या, आणि दाक्षायणी ओल्या बाळंतपणातून उठलेली, कडेवर पोर घेऊन शेजारणींच्या मागोमाग एकटीच गेली. नवरा तळ्यावर होता. रात्री आल्यावर म्हणाला, "फुलाबाईनं आंबील आनली हुती. ब्येस झालती." तिने घरी झाकून ठेवलेली आंबील तशीच मोरीत ओतली.

"उद्या मी बी येते," ती म्हणाली. "बगू तरी कसली लाँच हाय."

तिला वाटलं, तो दचकेल. चेहरा तरी बदलेल. तो म्हणाला, "ये की. गुंड्याला बी पानी दाव."

तेच तिला जास्त लागलं. लपवण्याजोगं काही असतं तर भांडता तरी आलं असतं.

सकाळी हिप्परग्याला परतणाऱ्या भाजीच्या बैलगाडीत तिने जागा मिळवली. पुढे वीरभद्रप्पा सायकलवर, हँडलला हत्यारांची पिशवी. दाक्षायणीने लग्नातलं इरकल नेसलं होतं, कपाळावर विभूती ठळक रेखली होती, हातात बाळंतपणानंतर माहेरी भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. गाडीवाल्याने विचारलं, "कुनाच्या लग्नाला, अक्का?" तिने गुंड्याचं टोपरं सारखं केलं.

वाटभर ती फुलाबाई मनाशी रंगवत होती. गोरी असेल. हसताना गालाला खळी पडत असेल. केसांत अबोली.

तळ्याच्या काठावर जी बाई भेटली ती काळी, वाळकी, पस्तिशीची, पुढचा एक दात पडलेली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोवलेलं. कपाळ मोकळं, हात मोकळे. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या धोतराची पट्टी गुंडाळलेली. तिचा नवरा लाँचचा राखणदार होता. तो गेल्या साली काविळीने गेला. तेव्हापासून लाँच झाडणं, आत झिरपलेलं पाणी उपसणं, राखणं हे सगळं तीच करी, आणि राहायचीही तिथेच.

"ह्या व्हय मिस्त्रीनबाई," ती तोंड भरून हसली. "या, या. आन् ह्यो धाकला मिस्त्री. आईगत हाय की नाकाला. बरं झालं, मिस्त्रीगत न्हाय."

वीरभद्रप्पाही हसला. दाक्षायणीला बरं वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाटलंही. मग वाटलं, ही सुंदर असती तर सोपं होतं. रूपावर भुलला म्हणता आलं असतं. आता काय म्हणायचं?

काम असं होतं. लाँचच्या पुढच्या टोकाला, फळ्यांवर, दोर बांधायची लोखंडी खुंटी होती. गेल्या आठवड्यात वाऱ्याने लाँचला हिसका बसला आणि खुंटी एका अंगाने उचकटली. संध्याकाळी साहेबाचे पाहुणे फिरायला यायचे होते. जुनी खुंटी काढून पितळी बसवायची. दोनच बोल्ट. वरून ते दिसत, पण त्यांच्या चाक्या, म्हणजे नट, फळ्यांच्या खाली, होडी जिथे निमुळती होत जाते तिथे, दोन आडव्या लाकडांच्या पलीकडे. तिथे जायचं म्हणजे उताणं सरपटत जायचं आणि लाकडांमधल्या फटीतून हात खांद्यापर्यंत घालून, न बघता, चाकी पान्यात धरायची. एकाने खाली धरायचं, एकाने वरून फिरवायचं. एकट्या माणसाचं हे काम नव्हेच.

फुलाबाई आत शिरली. तिच्या पायांचे तळवे तेवढे बाहेर दिसत राहिले. वीरभद्रप्पा वर पालथा पडला, कान फळीला लावून. टक. थोडं थांबून फिरवलं. टकटक. खालून काहीतरी खरडल्यासारखं वाजलं, तसा तो आपल्याशीच हसला.

दाक्षायणी काठावर बाभळीखाली पदराआड गुंड्याला पाजत बसली होती. टक. टकटक. दोघं एकमेकांना दिसत नव्हती, बोलत नव्हती, मध्ये जाड फळी होती. आणि तरी हा काय म्हणतो ते तिला कळत होतं, ती काय करते ते याला कळत होतं. घरी हा माणूस हातभरावर बसतो. त्याच्या मनात काय आहे ते दाक्षायणीला तीन वर्षांत कळलं नव्हतं. भाकरी हवी की नको एवढंसुद्धा. तिच्या छातीत काहीतरी आवळत गेलं. गुंड्याने दूध सोडून तिच्याकडे पाहिलं.

आतून तीनदा वाजलं. वीरभद्रप्पा उठून घागरीकडे गेला. आपण पाणी मागितलं तर हा कधी उठला होता?

फुलाबाई गंजाने माखून बाहेर आली. "हलतच न्हाय मेली, मिस्त्री. दोन्ही बी गंजल्यात."

"मी जाते," दाक्षायणी म्हणाली.

"कुटं?" वीरभद्रप्पाने विचारलं.

"आत. माजा बी हात बारीक हाय."

"अगं, येडी का काय? इरकल नेसून?"

"फाटलं तर फाटंल."

फुलाबाईने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. काय दिसलं कोण जाणे. ती हसली नाही. "जाऊ द्या की, मिस्त्री," ती म्हणाली. "ठावं तरी व्हईल तिला, काय असतंय ते." मग आपल्या हाताची पट्टी सोडत जवळ आली. "बांगड्या काढू नकं, बाय. वर सार. अशी. आता वरनं फडकं बांदते, म्हंजे लाकडाला घासून फुटायच्या न्हाईत."

ती हिरव्या बांगड्यांवरून पट्टी गुंडाळत होती, एकेक वेढा सारखा करत, ताण बघत. गाठ मारताना तिने दात लावला. मग हात पुसून पोर मागितलं. गुंडा अनोळखी माणसाकडे जात नसे. तिच्याकडे गेला. दाक्षायणीच्या मनात आणखी एक काटा रुतला.

आत काळोख होता. डांबराचा, तेलाचा, कुजट पाण्याचा वास. डोकं टेकायच्या जागी गोणपाटाची घडी होती, आणि तिथलं लाकूड घासून घासून गुळगुळीत झालेलं. दाक्षायणीने फटीतून हात घातला. खांदा अडला. तिने श्वास सोडला, अंग आकसलं, तसा खांदाही गेला. बोटांना चाकी लागली.

वरून आलं, टक.

तिने पाना धरला. लोखंड बोटांत रुतलं, दुधाने भरलेली छाती लाकडावर दाबली गेली, डोळ्यांत पाणी आलं. पण तिने धरलं. वर तो जोर लावत होता. तो जोर बोल्टमधून, चाकीतून थेट तिच्या मनगटात उतरत होता. तो किती दम धरतो, कुठे थांबतो, पुन्हा कसा हळूच चाचपतो, सगळं हाताला कळत होतं. एकदम कर्र झालं आणि चाकी सुटली. टकटक. तिने सोडलं. काळोखात पडल्या पडल्या ती हसली. हाच तो माणूस तर. नीट कळतो की.

वरचा बोल्ट निघाला आणि भोकातून उजेडाचा एक ठिपका तिच्या गालावर पडला. त्याच भोकातून आवाजही उतरले.

"पुरला की हिचा हात," वीरभद्रप्पा खूश होऊन म्हणत होता. "फुलाबाई, आता तुमचं काम गेलं बगा. मिलचे हेडक्लार्क म्हनतच हुते, राकनीला बाईमानूस कशाला ठिवलंय. म्या म्हनलं, साहेब, नाकातली चाकी तिच्याबिगर कुनाला घावत न्हाय. म्हनून गप बसलेत. आता काय सांगू त्यास्नी?"

थट्टाच होती. त्याला दुसरं काही सुचत नसे.

नुसतं पाणी होडीच्या अंगाला लागत होतं. मग फुलाबाई म्हणाली, "जे हाय ते सांगा, मिस्त्री. खोटं कशापायी?" आणि लगेच गुंड्याशी, वेगळ्याच आवाजात, "व्हय की रं? त्यो बग बगळा. बगळा बगितलास का?"

दाक्षायणी तशीच पडून राहिली. गोणपाटाच्या घडीला खोबरेल तेलाचा वास होता, शिळा. कुणाच्या तरी डोक्याखालची जागा ही. घर नसलं की माणूस असल्याही जागेला घासून घासून आपली करतं.

टक, वरून आलं. दुसरी चाकी.

तिने हात पुढे नेला. पलीकडची चाकी बोटांना लागली. पाना बसला, घट्ट बसला. टक, तो पुन्हा म्हणाला. धर. आता धरलं की झालं. इथून पुढचे रविवार तिचे. ती आत, तो वर, मध्ये फळी, आणि बाहेर कुणी नाही. तिने डोळे मिटले. हे तिला इतकं हवं होतं की दाढा आवळल्या गेल्या.

मग तिने पाना काढून घेतला.

"पुरत न्हाय," ती भोकाखाली तोंड नेऊन म्हणाली.

"अगं, आत्ता तर पुरला."

"ती अलीकडची हुती. पलीकडं न्हाय पुरत. माजा न्हाय पुरायचा."

"जरा रेट की."

"न्हाय म्हनते न्हवं? त्यास्नीच पाठवा."

ती सरपटत बाहेर आली. इरकल खांद्याशी फाटलं होतं. फुलाबाईने गुंड्याला तिच्याकडे दिलं आणि पट्टी सोडायला तिचा हात हातात घेतला. पट्टीखाली बांगड्या सगळ्या शाबूत होत्या. फुलाबाईने तिचा तळवा उलटा केला. बोटांच्या टोकांवर गंजाचे ठसे उमटले होते. जुने कोरडे होत आलेले, आणि त्यांच्यावर एक ताजा, ओला, चाकीच्या कोपऱ्यांसकट.

फुलाबाई त्या ठशाकडे पाहत राहिली. मग तिने आपल्या पदराने तो पुसला. जोरात, जरा दुखेल इतका.

"हात लहान हाय तुजा," ती म्हणाली.

"व्हय."

फुलाबाई पट्टी आपल्या हाताला गुंडाळू लागली. मोकळ्या मनगटावर तिचे वेढे जास्त झाले.

"अक्का," दाक्षायणी म्हणाली. सकाळपासून तिने तिला कशानेही हाक मारली नव्हती. "दुसऱ्या लाकडाला खिळा वर आलाय. जपून."

"ठावं हाय मला," फुलाबाई म्हणाली आणि आत शिरली.

पुन्हा सुरू झालं. टक. टकटक. वीरभद्रप्पा पालथा पडून, कान लावून. शेजारी ठेवलेली पितळी खुंटी उन्हात चकाकत होती. दाक्षायणी काठावर पोर मांडीवर घेऊन बसली होती, आणि छातीतला आवळ तसाच होता, एक धागासुद्धा सैल झाला नव्हता. प्रत्येक टकटकीला तो रुतत होता. फक्त आता तिला कळत होतं, कुठल्या ठोक्याला मनगटात काय उतरतं.

आतून तीनदा वाजलं. वीरभद्रप्पा उठू लागला.

"तुमी थांबा," ती म्हणाली.

गुंड्याला त्याच्या मांडीवर देऊन तिने घागरीतून तांब्या भरला, गुडघाभर पाण्यात उतरली आणि होडीच्या कडेवरून वाकून काळोखात हात लांबवला. आतून एक हात आला, काळा, कोपरापर्यंत पट्टी बांधलेला. कोण देतंय ते त्या हाताला दिसत नव्हतं. त्याने तांब्याचा काठ चाचपला, बोटं पुढे सरकून हिरव्या बांगड्यांना लागली, तिथेच क्षणभर थांबली. मग तांब्या घेतला, आणि आत नेण्याआधी फळीवर एकदा हलकेच वाजवला.