जे असेल ते ग्रुपवर

“डॉक्टर निघालेत हो. पोहोचतीलच आता,” ऑपरेटरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा फोन घेतला.

डॉक्टर निघाले नव्हते. ते घरी अंघोळीला गेले होते आणि त्यांच्या बायकोने बाईंना तसं स्वच्छ सांगितलंही होतं. पण पलीकडच्या माणसाचा बाप वरच्या वॉर्डात धापा टाकत होता, त्याला डॉक्टरांच्या अंघोळीची बातमी देऊन काय उपयोग? ‘निघालेत’ म्हटलं की माणूस खुर्चीत टेकतो, घोटभर पाणी पितो आणि तेवढ्यात डॉक्टर खरंच येतात. हॉस्पिटलच्या जिन्याखालच्या खोलीत, त्या बटणांच्या बोर्डापुढे बाईंचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ही थाप कधी अंगाशी आली नव्हती. तिच्यासाठी त्यांच्याकडे एक वेगळा आवाजही होता, मऊ आणि बिनघाईचा. तो ऐकून भांडायला उठलेली माणसंसुद्धा ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवत.

दुपारी बोर्ड शांत झाला तेव्हा बाईंनी पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला. धाकट्या बहिणीला ‘आई बोलावते आहे’ एवढंच लिहिलं आणि पाठवलं. गेलं नाही. खाली करड्या अक्षरांत तीच ओळ उमटली: ही व्यक्ती फक्त निवडक लोकांचे खासगी संदेश स्वीकारते. कालही हेच झालं होतं. फोन तर धाकटी उचलतच नव्हती.

धाकटी नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्या गावी एकटी राहायला लागली, त्याला बरेच दिवस झाले होते. नातेवाइकांच्या ‘आपली माणसं’ या ग्रुपवर तेव्हा सगळे कसे अगदी गोड. सकाळी मामांचा सुविचार, वाढदिवसाला फुलं. आणि त्याच वेळी ग्रुपच्या मागे जो तो धाकटीला एकटीला गाठून टोचत होता. मामा लिहायचे, अजून वेळ गेलेली नाही. मामी लिहायच्या, बाईमाणसाला एवढा ताठा बरा नव्हे. आणि सगळ्यांत लांबलचक, सगळ्यांत नेमाने कोण लिहीत होतं, तर आपल्या ऑपरेटरबाई. बोर्डवर बसून, दोन फोनांच्या मधल्या वेळात. ‘निदान आईकडे तरी यायचं होतंस. तिच्या दारात पाऊलसुद्धा टाकलं नाहीस,’ हे तर त्यांनी कितीदा लिहिलं असेल. धाकटीच्या भल्यासाठीच आपण लिहितो, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मग एक दिवस धाकटीने दार लावून घेतलं. ती निवडेल त्यांनीच तिला खासगीत लिहायचं, बाकीच्यांनी नाही. ग्रुप मात्र सोडला नाही. बाईंना तेव्हा संताप आला होता. डॉक्टर लोक ‘आज मला कोणाचाही फोन देऊ नका’ म्हणायचे तेव्हा बाई कधी का म्हणून विचारत नसत, उलट एखाद्या भिंतीसारख्या मध्ये उभ्या राहत. पण सख्ख्या बहिणीने आपल्यालाच बाहेर ठेवावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

आता रागाला जागा उरली नव्हती. आईला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. असं का सांगतात, ते हॉस्पिटलात जन्म काढलेल्या बाईंना वेगळं समजावायची गरज नव्हती. आणि परवा आईने दिवसभर सांभाळणाऱ्या मावशीला दुकानात पिटाळलं, बाईंना जवळ बसवलं आणि म्हणाली, “ती आली होती गं.”

“कोण?”

“धाकटी. घर सोडलं त्याच दुपारी. तू ड्यूटीवर होतीस. बॅग घेऊन दारात उभी होती. मी कडी काढली नाही. आतूनच म्हटलं, आल्या पावली परत जा.”

बाईंची नजर दाराच्या कडीकडे गेली.

“पुष्कळ वेळ उभी होती. मला खालच्या फटीतून पाय दिसत होते तिचे,” आई म्हणाली. “तिला सांग, माझं चुकलं. पण तिलाच सांग हं. मामाच्या कानावर जायला नको. तो सगळीकडे सांगत फिरतो, पोरगी आईला भेटलीसुद्धा नाही. आणि मी आपली गप्प.”

आपण काय काय लिहीत होतो आणि धाकटी ते कशी वाचत असेल, हे एकेक आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचा निरोप कसंही करून पोहोचवायचा, तोही फक्त तिलाच, एवढंच आता त्यांच्या डोक्यात होतं.

म्हणून त्यांनी मामेबहिणीला फोन लावला. ही मामांची मुलगी, पण उपदेशाच्या वाटेला कधी न गेलेली. धाकटीच्या निवडक माणसांत असलीच तर हीच असणार.

“माझे मेसेज जातात तिला,” मामेबहीण म्हणाली. “विचारते आणि सांगते तुला.”

मध्ये दोन-तीन फोन झाले. कोणाला रक्त हवं होतं, कोणाला बिलाचा खुलासा. मग मामेबहिणीचा आला.

“ताई, ती म्हणते, जे असेल ते ग्रुपवर लिहा.”

“अगं, आईचं आहे. खासगी आहे.”

“सांगितलं मी. ती म्हणाली, मला जे जे बोललात ते सगळं खासगीच तर होतं.”

बोर्डवर दिवा लुकलुकत होता, तो त्यांनी लुकलुकू दिला.

“मला सांगतेस का? मी पोहोचवते,” मामेबहीण म्हणाली.

“तुला नाही सांगता यायचं. निदान तिचा पत्ता तरी दे.”

“तो नाही देणार मी. शब्द दिलाय तिला. रागावू नकोस.”

बाई रागावल्या नाहीत. संध्याकाळी घरी गेल्या तर आई उशीवर मान वळवून वाटच बघत होती. “सांगितलंस?”

धाकटी ‘ग्रुपवर, सगळ्यांसमोर लिहा’ म्हणते, हे या अवस्थेत आईला कसं सांगायचं? बाईंच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “सांगितलं ना. निघतेच आहे ती. येईलच इतक्यात.”

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हॉस्पिटलात ते खपायचं, कारण डॉक्टर शेवटी यायचेच. इथे कोण येणार होतं?

दुसऱ्या दिवसापासून आई दाराकडे तोंड करून पडायला लागली. मावशी कंटाळून गेली. “ताई, आजी कूसच बदलू देत नाहीत हो. मी हात लावला की म्हणतात, थांब, पोरगी यायची आहे. खांदा लाल झालाय. अशाने जखम होईल आणि बोलणी मला खावी लागतील.”

बाई रोज एक नवी सबब काढत. धाकटीला रजा मिळाली नाही. गाडी चुकली. बरं नव्हतं म्हणाली, पण आता निघेल. एकदा थाप मारली की तिला ठिगळं लावत बसावं लागतं, हे त्यांना या वयात कळत होतं. रोज रात्री त्या ग्रुप उघडत, दोन शब्द लिहीत आणि पुसून टाकत. आईची अब्रू चव्हाट्यावर मांडायची की धाकटीला कायमचं हरवायचं, यातलं काहीच त्यांच्या हातून होत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या आईला चमच्याने पाणी पाजत होत्या. दोन चमचे झाल्यावर आईने तोंड बाजूला केलं.

“ती निघाली नाहीये ना?”

“अगं, निघतेच आहे. कालच बोलणं झालं आमचं—”

“पुरे. तो तुझा हॉस्पिटलचा आवाज आहे,” आई म्हणाली. “माझा पाय मोडला तेव्हा दिवसभर तुझ्या त्या खोलीत बसले होते की मी. सगळं ऐकलंय. घरी तू कधी अशी गोड बोलतेस? औषध घे म्हणतेस ते शेजारी ऐकू जातं.”

बाईंना हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. करड्या अक्षरांतली ओळ, मामेबहिणीचा निरोप, स्वतःचे ते लांबलचक संदेशसुद्धा.

आईने डोळे मिटून घेतले. झोपली की काय, असं बाईंना वाटलं.

“त्यात मामा आहे?”

“आहेत. सगळेच आहेत.”

“सगळ्यांना दिसेल?”

“हो.”

“लिही.”

“आई, राहू दे. आता या वयात लोकांना कशाला—”

“लोकांचंच बघत बसले होते त्या दिवशी. लिही तू.”

बाईंनी मोबाइल घेतला. ‘आईला झाल्या गोष्टीचं वाईट वाटतं’ असं लिहून वाचून दाखवलं. आईने नाक मुरडलं.

“असं मोघम नको. ती आली होती, असं लिही. मी कडी काढली नाही, असं लिही. तिची काही चूक नव्हती. मी गप्प राहिले आणि तुम्ही सगळे तिला बोललात. माझं चुकलं.”

बाईंनी आई सांगेल तसं, शब्दाला शब्द लिहिलं. खाली स्वतःची एक ओळ जोडली: मीही तुला नको ते लिहीत राहिले.

“ते काय लिहिलंस?”

बाईंनी वाचून दाखवलं.

“ते तुझं तू मागाहून लिही. हे माझं आहे,” आई म्हणाली.

बाईंनी ओळ पुसली आणि पाठवलं. या वेळी गेलं. वाचणाऱ्यांची नावं एकामागून एक उमटायला लागली. मामा, मामी, भाचे, सुना. एरवी फुलांचा सडा पाडणारा ग्रुप चिडीचूप झाला होता. मामांचं ‘लिहीत आहेत’ दिसलं आणि गेलं, ते परत आलं नाही. सगळ्यांत शेवटी धाकटीचं नाव उमटलं. तीही लिहायला लागली. थांबली. पुन्हा लागली. मग तेही थांबलं आणि पडदा तसाच राहिला.

“आलं का काही?”

तो मऊ आवाज बाईंच्या जिभेवर तयार होता. येईलच आता, एवढंच तर म्हणायचं होतं.

“नाही गं. वाचलंय फक्त.”

“तिने?”

“हो. तिने.”

“बरं,” आई म्हणाली. “मग आता मला भिंतीकडे वळव. खांदा फार दुखतोय.”

बाईंनी एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली आणि आईला हळूच वळवलं. खांद्याची कातडी सोलवटली होती. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यावर मलम लावायला लागल्या.