दहा बोटं, दोन डोळे

मेंदीचा लेप बोटांच्या टोकांवर टोपीसारखा जाड बसला होता, तरी कमरबीचं समाधान होईना. तिनं फलकचा अंगठा पुन्हा हातात घेतला आणि त्याच्यावर आणखी एक थर चढवला.

"अम्मी, ईद कधीच होऊन गेली," फलक म्हणाली. "ही कोणाच्या शादीची तयारी चालू हाय?"

"चूप बैस. उद्या आधारचा फोटो काढायचाय ना."

"फोटो तोंडाचा काढतात."

कमरबीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं, फकरोद्दीनचं, कापूस पिंजायचं मशीन घरघरत होतं, त्यात मायलेकींचं बोलणं बुडून जात होतं, त्याचा तिला आज आधार वाटला.

परतुरात गादीवाल्या फकरोद्दीनचं घर कोणीही दाखवील, आणि पोरगी त्याच्या पोटची नाही हेही त्याच दमात सांगेल. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. एका बाजाराच्या दिवशी तो गाद्या पोचवायला स्टेशनवर गेला, तेव्हा पाण्याच्या नळापाशी पाच-सहा वर्षांची ही पोर बसली होती. गाडी निघून गेलेली. त्यानं पोलीस स्टेशनात सांगितलं, मशिदीच्या भोंग्यावरून पुकारलं, मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरूनही पुकारलं. कोणी आलं नाही. नाव विचारलं की पोर नुसती वर आभाळाकडे बघायची, म्हणून कमरबी तिला फलक म्हणू लागली. फलक म्हणजे आभाळ. पहिली काही वर्षं दारावर कडी वाजली की कमरबी पोरीला पाठीमागं घ्यायची, मगच दार उघडायची. नंतर कडी नुसती कडी झाली.

फलक नववीत गेली आणि बोर्डाच्या नोंदणीसाठी शाळेनं आधार क्रमांक मागितला. शाळेचा दाखला घेऊन मायलेकी केंद्रावर गेल्या. काही दिवसांनी कमरबीला एकटीलाच बोलावणं आलं. केंद्र चालवणारी तृप्ती पोरगेलीच होती, पण बोलायला पक्की.

"मावशी, अर्ज फेटाळलाय. मशीन म्हणतं, ही मुलगी आधीच नोंदलेली हाय."

"कोणी दुसरी असंल हिच्यासारखी."

"तोंड सारखं असतं, मावशी. बोटं नसतात. ती लहानाची मोठी झाली तरी रेषांची ठेवण तीच राहते."

कमरबी घरी आली आणि सगळ्यांना म्हणाली, मशीन बिघडलं होतं, पुन्हा जायचंय. तृप्तीचं बोलणं मात्र तिच्या डोक्यातून जाईना. बोटं. एवढी वर्षं तिनं ज्यांना तेल लावलं, ज्यांची नखं कापली, ज्यांच्यात पेन्सिल धरायला शिकवली, ती बोटं दुसऱ्याच कोणाची तरी ओळख धरून बसली होती.

मग तिला गेल्या वर्षी झालेलं पुतणीचं, सालेहाचं लग्न आठवलं. लग्नात तिनं हातभर मेंदी काढून घेतली होती, आणि पुढं कितीतरी दिवस रेशनच्या मशीननं तिचा अंगठा घेतला नव्हता. दुकानदार सगळ्यांसमोर हसला होता, "भाभी, आधी रंग उतरू द्या, मंग गहू न्या!" तेव्हा तिला लाज वाटली होती. आता तीच गोष्ट तिला देवानं दाखवलेली वाट वाटली.

मेंदी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रात फलकनं चार बोटं काचेवर ठेवली. पडद्यावर लाल आलं. तृप्तीनं काच पुसली, ओल्या फडक्यानं फलकची बोटं पुसली, पुन्हा दाबली. पुन्हा लाल.

"बाई गं, नवरीबी एवढी रंगवत न्हाई," तृप्ती म्हणाली. "कोणी काढली?"

"अम्मीनं," फलक म्हणाली.

कमरबीनं ओढणी सारखी केली. "राहू द्या ना, मॅडम. पोरीची हौस. बोटं आली न्हाई तर न्हाई."

"हो, चालतं की," तृप्ती सहज म्हणाली. "बोटं नीट आली न्हाई तरी अर्ज जातो." कमरबीनं कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला, तोवर तृप्तीनं टेबलाखालून दुर्बिणीसारखं एक यंत्र काढलं. "डोळे हायेतच. बुबुळाची नक्षी तर बोटांपेक्षा पक्की. लाव गं डोळ्यांना."

मागच्या वेळीही हे यंत्र होतंच. पण कमरबी तेव्हा बाहेर चपलांपाशी थांबली होती. डोळ्यांचं तिला माहीतच नव्हतं.

फलकनं यंत्र डोळ्यांना लावलं. पडद्यावर दोन मोठे तपकिरी डोळे उघडले, कडेनं हिरवी चौकट आली. यंत्र खाली ठेवायचं सोडून ती तशीच बसून राहिली.

"झालं की," तृप्ती म्हणाली.

"आत लाल दिवा हाय," फलक हळूच म्हणाली. "मागच्या वेळेलाबी वाटलं होतं, हा दिवा मी बघितलाय. लहानपणी. मागून कोणीतरी माझं डोकं धरलं होतं. म्हणत होतं, मोठे कर डोळे, बाहुलीसारखे मोठे कर."

तृप्तीनं आधी फलकच्या बोटांकडे पाहिलं, मग कमरबीकडे. तृप्ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं कमरबीला वाटून गेलं.

"मावशी," ती म्हणाली, "मेंदी उतरंल. आजचाबी अर्ज फेटाळूनच येणार. दरवेळी तसाच येणार. नंबर न्हाई तर दहावीचं अवघड हाय. एक अर्ज आधारच्या मुंबईच्या ऑफिसला करता येतो. तिकडून जुनं नाव, गाव कळतं. पण तुमच्या संमतीबिगर मी पाठवणार न्हाई."

"आणि मंग? तिकडचे लोक येतील?"

"ते मला कसं सांगता येईल?"

कमरबी उठून दारापर्यंत गेली. फलकचा हात धरावा आणि निघावं, एवढंच करायचं होतं. पण तिला ते डोकं धरणारे हात दिसू लागले. आपल्यासारखीच एक बाई. ती अशाच कुठल्यातरी टेबलाशी उभी राहिली असेल. लेकीची बोटं तिनं पदरानं पुसली असतील, नोंद नीट व्हावी, पोर कुठं हरवू नये म्हणून. आणि आपण त्याच बोटांवर रात्रभर लेप बांधून ठेवला.

कमरबी परत टेबलाशी आली. तिला सही येत नव्हती. तृप्तीनं शाईचा पॅड पुढे सरकवला. मेंदी लावून लावून कमरबीचा अंगठाही विटकरी झाला होता. तिनं तो शाईत बुडवला खरा, पण संमतीच्या कागदावर नेता येईना. फलकनं आपल्या रंगलेल्या हातानं तिचं मनगट धरलं आणि अंगठा चौकटीवर हळूच दाबला.

दोघी बाहेर पडल्या. बाजार मागे पडला, गल्ली आली, मशीनची घरघर ऐकू येऊ लागली. दाराशी कमरबी थांबली.

"ती बाई तुला काय नावानं हाक मारत होती गं?"

फलकनं वर आभाळाकडे पाहिलं.

"न्हाई आठवत, अम्मी," ती म्हणाली.

कमरबीनं मान हलवली. या पोरीचं सांगणं तिला आयुष्यात पहिल्यांदाच खरं वाटलं नाही. तिनं कडी वाजवली, आणि तिच्याच हातानं वाजलेल्या त्या कडीसरशी तिनं फलकला पाठीमागं घेतलं.