डोंगर नसलेली चित्रं

“ह्यात डोंगर कुठाय?” मुलीचं चित्र हातात धरून सबराननं विचारलं.

त्याच्या घरी आलेल्या जुमाली गुरुजींनी कॉफीचा पेला खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवूनही हा प्रश्न त्यांना चुकला नव्हता. इंडोनेशियातलं, कापुआस नदीकाठचं पोंतियानाक शहर ताटलीसारखं सपाट. तरी इथल्या पोराला चित्र काढ म्हटलं की ते दोन डोंगर काढतं. मधे सूर्य, खाली रस्ता, दोन्हीकडे भातखाचरं. कुणी शिकवावं लागत नाही, दुधाच्या दातांबरोबर येतं. गुरुजी पहिलीपासून ते खोडायला लावत. दात पडत, डोंगर राहत.

“आपल्या वस्तीत डोंगर आहे का, अबांग?” मुलांच्या बापांना गुरुजी अबांग, म्हणजे दादा, म्हणत.

“नाही, म्हणून तर चित्रात पाहिजे! मला चौथीत बक्षीस मिळालेलं. दोन डोंगर, वर तीन पक्षी. तुम्ही पोरीला नऊ वर्षं शिकवलंत तरी काय?”

पोरगी, रुस्मिना, केळ्याच्या भज्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. नववी झाली होती. कलाशाळेचा अर्ज उद्या द्यायचा होता आणि त्यावर बापाची सही नव्हती. सबरान होडीनं माणसं आणि मोटारसायकली पलीकडे सोडायचा. मुलीनं कारकुनीच्या शाळेत जावं, पुढे पंख्याखाली बसावं, एवढंच त्याचं म्हणणं. पंखा ही त्याच्या लेखी स्वर्गाच्या अलीकडची पायरी होती.

“चित्रं काढून भात शिजतो का?”

“भात रोज मीच शिजवते, बाबा.”

“तू गप!”

गुरुजी वाद घालत बसले नाहीत. प्रत्येक मुलाचं दरवर्षीचं एक चित्र ते वाळवीपासून वाचवून ठेवत. रुस्मिनाची नऊ ते बरोबर घेऊन आले होते, ती त्यांनी चटईवर ओळीनं मांडली.

पहिलीतल्या चित्रात बटाट्याला काड्या फुटल्या होत्या.

“हा कोण?”

“तुम्ही.”

“मग मला मान का नाही?”

“पहिलीत कुणाच्याच बापाला नसते,” गुरुजी म्हणाले.

तिसरीत होडी नदीपेक्षा मोठी. सहावीत मात्र होडी खरोखर पाण्यात बसलेली. त्या वर्षी गुरुजींनी वर्ग धक्क्यावर नेऊन तीन आठवडे नुसतं पाणी बघायला लावलं होतं. वह्या कोऱ्या का, म्हणून मुख्याध्यापकांचं पत्रही आलं होतं.

नववीच्या कागदावर कोळशानं काढलेला एकच हात होता. दोर धरलेला. मधलं बोट सांध्याशी सुजलेलं, दोरापासून किंचित सुटलेलं.

सबराननं कागद उचलला. मग स्वतःचा हात बघितला. मग पुन्हा कागद.

“हे बोट दुखतं, हे हिला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” रुस्मिना म्हणाली. “दोर ओढताना तुम्ही ते उचलता.”

सबरान उठला, हात धुतले, लुंगीला पुसले आणि अर्जावर सही केली. पोरकट, मोठ्या अक्षरांत. गुरुजींनी मनोमन त्या बोटाचे आभार मानले.

“पण हे चित्र इथंच राहील.”

“अहो, प्रवेशासाठी तेच दाखवायचंय! उद्या!”

“राहील म्हटलं ना.”

पालकांनी आजवर गुरुजींना मासे दिले, कॅलेंडरं दिली, सल्ले तर ढीगभर. चित्र परत द्यायला मात्र कुणी नकार दिला नव्हता. त्यांनी उरलेली गार कॉफी एका घोटात संपवली.

“मग काढू दे दुसरं,” ते म्हणाले. “हात घरातच आहे.”

सबरान पायरीवर दोर धरून बसला. समोर रुस्मिना, मांडीवर फळी, बोटांत कोळसा. शेजारच्या धक्क्यावर पलीकडे जाणाऱ्यांची गर्दी जमली, मोटारसायकलींचे हॉर्न वाजू लागले.

“ए सबरान, झोपलास काय?”

“थांबा रे!” नुसती मान वळवून तो ओरडला. “काम चाललंय!”

हात हलला नाही.