दोन बोटांचं दफन

ॲन्सेल्मच्या उजव्या हाताची दोन बोटं दोर ओढणाऱ्या विंच यंत्रात गेली, त्याच दिवशी जहाजावर 'विनाअपघात चारशे दिवस' झाल्याचा केक कापायचा होता. कप्तानाने केक कापला आणि अपघात जहाजाच्या नोंदवहीत लिहिलाच नाही. ॲन्सेल्मलाही तुकडा मिळाला, डाव्या हातात.

गावी, आगाशीला परतल्यावर डॉक्टरांनी त्याला बोटीच्या नोकरीसाठी कायमचं अपात्र ठरवलं. कंपनी म्हणाली, वहीत अपघात नाही, सबब भरपाई नाही.

"बोटं घरीच गेली असतील," कंपनीच्या फोर्टच्या ऑफिसातला कारकून जितेंद्र म्हणाला. "केळीची वाडी आहे ना तुमची? कोयता असेलच."

"वाडी विकून चार वर्षं झाली," ॲन्सेल्मची बायको हेलन म्हणाली. "कोयता वाडी घेणाऱ्यानेच फुकटात नेला."

दर मंगळवारी दोघं यायची. सातव्या मंगळवारी हेलन जेवणाचा डबा घेऊनच आली.

"वही दाखवा. नाहीतर कामगार आयुक्त मागवून घेतील."

जितेंद्रने खुशीतच वही उघडली. "चौदा मार्च सत्त्याण्णव. अपघात, निरंक. झालं समाधान?"

"त्याच्या खालची ओळ वाचा," ॲन्सेल्म म्हणाला.

"सायंकाळी पाच. समुद्रात दफन. प्रार्थना झाली." जितेंद्र थांबला. "कोण वारलं?"

"कोणी नाही."

"मग दफन कोणाचं?"

हेलनने नवऱ्याचा हात उचलून टेबलावर ठेवला.

देहाचा तुकडा कचऱ्यात टाकायचा नाही, ही गावची रीत. जहाजावरचा आचारी कॉन्रॅड आगाशीशेजारच्या नंदाखाल गावचा. त्याने बिस्किटाच्या डब्यात बोटं ठेवली, बुडावीत म्हणून चार नटबोल्ट घातले आणि प्रार्थना म्हटली. सेकंड ऑफिसर नियमाचा पक्का. समुद्रात दफन म्हणजे नोंद हवी, म्हणून त्याने केली.

जितेंद्र साहेबांच्या केबिनमध्ये गेला. अर्ध्या तासाने आला.

"साहेब विचारतायत, यांचाच मृत्यू दाखवू या का? नैसर्गिक. पैसे जास्त मिळतात, रेकॉर्डही खराब होत नाही."

"किती जास्त?" ॲन्सेल्मने विचारलं.

"तू गप्प बस," हेलन म्हणाली. "साहेबांना सांगा, नवरा मी घरी नेणार. आणि बोटांचे पैसे पूर्ण. दोन्ही बोटांचे."

तिने डबा उघडला आणि तिथेच जेवायला बसली. जितेंद्र पुन्हा आत गेला. या वेळी लवकर आला, फॉर्म घेऊन. दोन कार्बन घालून त्याने 'अपघात' असं लिहिलं.

हेलनने हात पुसले. "खालच्या दोन प्रतींवर नीट उमटलंय का, बघू."