अंजन न घातलेली शेळी

शिरड शहापूरच्या बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खाटेवर डोळ्यांसाठी अंजन देणारा अंजनबाबा आणि पुढ्यात एक काळी शेळी. पंधरा दिवसांपूर्वी याच शेळीचे पांढरेफटक डोळे गावाने पाहिले होते. आता ते स्वच्छ होते, आणि ती खुशाल पाला ओरबाडत होती.

बाबा गरजला, “दोन बकऱ्यांना महिनाभर गूळ चारला! शुगर चढवली! दोघींचे डोळे गेले. एकीला अंजन घातलं, बघा! शुगर असू द्या, डोळा जाणार नाही. लेझर म्हणजे काय? डोळ्याला डागणी!”

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी सटवाजी अंजनाची कुपी मुठीत धरून उभा होता. शेरडं राखणारा माणूस, बारा वर्षांची शुगर. नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला लेझरची तारीख दिली होती. ती परवा होऊन गेली. अंजन मिळाल्यावर लेझर कशाला, म्हणून तो गेलाच नाही.

“बाबा,” मी ओरडलो, “अंजन न घातलेली शेळी कुठंय?”

“आंधळी होऊन मेली.”

“कोणी पाहिली?”

“मास्तर, श्रद्धा ठेवा, श्रद्धा!”

लोक हसले. माझा प्रश्न बरोबर होता. शाळेत विज्ञान शिकवतो, पण शेळीच्या डोळ्यात मी कधी डोकावलो होतो?

तेवढ्यात सटवाजीची बायको चंद्रभागाबाई पुढे आली. शेळीची मान धरून तिने डोळे निरखले.

“हिला कसली शुगर? डोळे आले व्हते हिचे. बाबा आला त्याच हप्त्यात आमच्या तीन शेरड्यांचे बी असेच पांढरे पडले. अंजन थोडकं, ते मालकासाठी जपलं. शेरडांना म्या काईच घातलं न्हाई. तिघी बी चांगल्या झाल्या. चला दावते!”

मागून शेरडं राखणारा जळबा बोलला, “आन् ही शेरडी तर माझी! डोळे आल्यावरच नेली बाबानं. दुसऱ्या दिशी हितं उभी केली. म्हैनाभर गूळ कवा चारला?”

“मग इतके दिवस बोलला काहून न्हाई?” कुणीतरी विचारलं.

“शुगर म्हणले ना. आमाला शुगरचं काय कळतंय?”

जन्मभर शेरडं राखलेली माणसं एका शब्दापुढे गप्प बसली होती. मला त्यांचा राग आला आणि माझाही. शेळीच्या डोळ्यांची साथ बहुतेकदा आपोआप ओसरते. शुगर डोळ्याच्या आतला पडदा खाते, तो बाहेरून दिसत नाही. एवढंच मी सांगितलं. तोवर बाबाने खाट सोडली होती.

सटवाजी हलला नव्हता.

“गुरुजी, सकाळधरनं डाव्या डोळ्यात काळं जाळं दिसून राहिलं. बाबा म्हणले, मळ निघून राहिला. म्हणून बोललो न्हाई.”

आम्ही त्याला तसंच जीप करून नांदेडला नेलं. डाव्या डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. लेझरने उजवा डोळा वाचला. डावा नाही.

आता तो गावोगाव सांगतो, आणि मीही तेच सांगतो. औषधाने बरा झालेला कुणी दाखवला, की आधी विचारा, औषध न घेतलेला कुठंय? तोही आपोआप बरा झाला असेल, तर औषधाचा गुण कसला? आणि डॉक्टरांची तारीख चुकवू नका.