खारूताईची तपासणी

चौथा ठोकळा मुलीने उजव्या हाताने उचलला. डावी मूठ मांडीवर मिटलेलीच राहिली. समोर बसलेल्या सिस्टरांनी ते पाहिलं, पण लगेच लिहिलं नाही. आधी मनोरा टिकतो का ते त्यांना बघायचं होतं. तो कोसळला. मुलगी खुदकन हसली आणि सिस्टरांनाही हसू आवरेना.

सिस्टर पहिल्यापासून चौकस. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात त्यांनी सव्वीस वर्षं काढली, तळहाताएवढी बाळं वाढवून घरी धाडली, आणि पुढे त्यांचं काय झालं हे कधी कळलंच नाही. गोष्ट रंगात आलेली असताना कुणी पुस्तक काढून न्यावं, तसं त्यांना होई. धुऊन धुऊन हातांची सालटं निघायला लागली तेव्हा त्यांना घरी गेलेली तीच बाळं वाढीच्या तपासणीला येतात त्या या खोलीत आणून बसवलं. बाकीच्या जणी म्हणाल्या, अडगळीत टाकलं. यांना मात्र आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं झालं. कोण चालतं, कोण बोलतं, कोण नुसतंच चावतं, सगळं आता समोर.

आजची मुलगी त्यांच्याच हातातली. दिवस भरायच्या तीन महिने आधी जन्मलेली, नऊशे ग्रॅमची. नळ्या ओढायची म्हणून वॉर्डात तिचं नाव खारूताई. बाराव्या दिवशी तिच्या रक्तात जंतू सापडले, त्याच आठवड्यात आणखी दोघांच्या. चौकशी झाली, उगम कळला नाही, असं कागदावर आलं. सिस्टरांना मात्र अकरावा दिवस आठवत होता. हात नियमाप्रमाणे धुतले, आणि बाळाच्या काचेच्या पेटीत ते घालण्याआधी नाकावरून घसरलेला चष्मा बोटाने वर सारला. जन्माची सवय. बाळाची नळी हातात आल्यावर ते ध्यानात आलं. मग झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत अडीच वर्षं गेली.

चित्रं दाखवली. मांजर, बूट, चेंडू. मुलीने बोट बरोबर ठेवलं, नाव एकाचंही घेतलं नाही.

"समजतंय सगळं," सिस्टर म्हणाल्या. "सहा महिन्यांत बोलते का ते बघायचंय मला."

मुलीची आई कपडे शिवणारी, अबोल बाई. ओल्या फडक्याने मुलीची बोटं पुसता पुसता ती सांगू लागली. घरात ती कुणालाच मुलीला उचलू देत नाही. त्यावरून सासूने बोलणं टाकलंय, आणि नवरा म्हणतो डोकं फिरलंय.

"अकराव्या दिवशी तुम्ही हिला माझ्या छातीवर दिली होती," ती म्हणाली. "मी बसमधून आले होते. हात धुतले, पण कपडे तेच. मी नाही म्हणायला हवं होतं, ना?"

तसं काही नसतं हो, हे वाक्य सिस्टरांच्या जिभेवर तयारच होतं. रोज चार आयांना त्या ते ऐकवत. पण एवढ्याने ही बाई त्या अपराधीपणातून सुटणार नव्हती.

"त्या दिवशी धुतलेला हात मी चष्म्याला लावला, आणि तोच पेटीत घातला. जंतू त्यातूनच गेले का, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण नियम मोडला तो मी. तुम्ही नाही. छातीशी धरणं तिच्या भल्याचंच होतं."

बाईने फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. "कुणाला सांगितलंत हे?"

"आत्ता तुम्हाला. आज डॉक्टरांना लिहून देते."

बाई रडली नाही, आवाजही चढवला नाही. सांडलेले ठोकळे तिने एकेक करून डब्यात भरले आणि मुलीला कडेवर घेतलं. "पुढच्या वेळी दुसऱ्या सिस्टर मिळतील?"

"मिळतील," म्हणत सिस्टरांनी कार्डावर सहा महिन्यांनंतरची तारीख घातली आणि शेजारच्या टेबलावरच्या धाकट्या सिस्टरचं नाव लिहिलं.

मायलेकी बाहेर पडल्या. जाता जाता आईच्या खांद्यावरून मुलगी काहीतरी म्हणाली. सिस्टर ताडकन उठल्या. शब्द होता की नुसता आवाज, हाक मारून विचारावं असं त्यांना फार वाटलं. त्या दाराशीच थांबल्या.